नोट मोडून आण

आमच्या घरांत ‘खेळ’ हा शब्द शिवीच्या आसपासच वापरतात. पोरगं अभ्यासात मागं पडलं की आई म्हणते, ‘दिनभर खेलताच र्‍हता.’ जावई कामधंद्याला लागत नसला तर सासू शेजारणीला सांगते, ‘अबीबी खेलताच है उने.’ शिकणं म्हणजे मान खाली घालून घोकणं, आणि खेळणं म्हणजे त्यातून सुटका. मी तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. निवृत्त झाल्यावर निमोण्यात घराच्या ओट्यावर संध्याकाळी मुलं गोळा करायला लागले. लोक विचारायचे, ‘बाई, ट्यूशन घेता का?’ मी सांगायची, खेळ घेते. ऐकून त्यांचा चेहरा पडायचा. फी नाही हे कळल्यावर जरा सावरायचा.

निमोणे शिरूर तालुक्यातलं गाव. घोड नदीचा पट्टा, चिंचणीचं धरण जवळ, त्यामुळे ऊस. गावात आमची घरं मोजकीच. कोणी तांबोळी, कोणी बागवान, कोणी मुलाणी. जमीन असली तर नावापुरती; बाकी सगळं पोट आठवड्याच्या बाजारांवर. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. ओट्यावर येणाऱ्या मुलांत आमची असतात, शेजारची मराठ्यांची-धनगरांची असतात, ऊसतोडीच्या हंगामात कोपीवरची दोन-तीन असतात. आमची मुलं घरात दखनी बोलतात, गल्लीत मराठी, सकाळी मक्तबात अरबी कायदा वाचतात आणि मोबाइलवर हिंदी ऐकतात. एवढ्या भाषा तोंडात असलेलं मूल शाळेत मात्र गप्प बसतं.

त्यात एक बागवानाचा मुलगा होता, पाचवीतला. सुट्टीच्या आणि पुष्कळदा शाळेच्याही दिवशी तो वडिलांबरोबर गाड्यावर असे. एकदा बाजारात मी त्याच्यापुढे गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले. पेरू साठ रुपये किलो. अडीच किलो घेतले, पाचशेची नोट दिली. ‘देडसो हुए, खाला,’ म्हणत त्याने साडेतीनशे माझ्या हातावर ठेवले. तेही दुसऱ्या बाईशी भावावरून हुज्जत घालता घालता. बोटं मोजली नाहीत, वर बघितलं नाही.

दोन दिवसांनी ओट्यावर त्याच्या पाटीवर मी तेच गणित घातलं : ५०० वजा १५०. त्याने सरसर उत्तर लिहिलं, ४५०.

मी नीट बघितलं. शून्यातून शून्य गेलं, शून्य. पुढे शून्यातून पाच जाईनात, म्हणून त्याने पाचातून शून्य घालवलं, पाच. मग पाचातून एक, चार. मोठ्यातून लहान घालवायचं हा नियम त्याने मनाशी धरला होता आणि तो इमानदारीने पाळला होता.

‘बाजारात साडेचारशे परत दिले असतेस का रे?’

‘अब्बा मारेंगे ना, खाला!’

‘मग इथं कसं लिहिलंस?’

‘ये तो इस्कूल का है.’

त्याच्या डोक्यात दोन हिशेब होते. एक पोटाचा, त्यात चूक परवडत नाही. दुसरा शाळेचा, त्यात बरोबर काय आणि चूक काय हे बाई ठरवतात, त्यामुळे काहीही लिहिलं तरी चालतं. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

हे काही निमोण्याचंच नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांची १९८५ साली पाहणी झाली, तेव्हा गाड्यावरचे हिशेब ती जवळजवळ सगळे बरोबर करत होती आणि तीच गणितं कागदावर मांडून दिली की निम्म्याहून जास्त चुकत होती. मुलं अवघी पाच, म्हणून ते कोणी फार मनावर घेतलं नसेल. पण २०२५ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेच्या आसपास मुलांचं काम मांडलं. तिथंही तेच. बाजारातलं मूल शाळेच्या कागदापुढे अडतं. आणि याची दुसरी बाजूही निघाली : शाळेत गणित येणारी, बाजारात न बसणारी मुलं सौद्याच्या साध्या हिशेबापुढे अडखळतात. म्हणजे ज्यांना आपण हुशार म्हणतो त्यांचाही पूल अर्धाच बांधलेला.

पण नुकसान दोघांचं सारखं नाही. शाळकरी मुलाला पेरू विकता आले नाहीत तर त्याचं काही अडत नाही. बागवानाच्या मुलाला कागदावरची वजाबाकी आली नाही तर त्याची शाळा संपते. सच्चर समितीने २००६ साली लिहून ठेवलं होतं की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. ती कशी गळतात ते गल्लीत राहिल्यावर दिसतं. कोणी हात धरून काढत नाही. बाप एक दिवस साधा प्रश्न विचारतो. या मुलाच्या वडिलांनी मला विचारला होता : ‘जो आता उसकू, वो बाजार में सीख्या. इस्कूल में क्या सीख्या, तुमीच बोलो आपा.’ त्यातच २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही हुकली तर त्याच वर्गात. वडिलांचं म्हणणं होतं, पोरगं नापास होऊन घरी येण्यापेक्षा आधीच गाड्यावर आलेलं काय वाईट?

मला त्यांना भाषण द्यायचं नव्हतं. मी दुकानाचा खेळ मांडला.

दुकान-दुकान सगळीच मुलं खेळतात. पण नुसतं दुकान-दुकान खेळून या मुलाला काही मिळणार नव्हतं, ते तर तो रोज खऱ्यात खेळत होता. मी आधी त्याच्याकडून समजून घेतलं की तो बाजारात करतो काय. तो वजाबाकी करतच नाही! दीडशेवर पन्नास, झाले दोनशे. त्यावर तीनशे, झाले पाचशे. वर चढत जातो आणि चढताना हातावर नोटा ठेवत जातो. पद्धत उत्तम आहे, आपले सगळे व्यापारी तेच करतात. पण शाळेच्या कागदावरची वजाबाकी खाली उतरते, आणि उतरताना मोठी नोट मोडावी लागते. बाजारात नोट मोडायचं काम गल्ला करतो. म्हणून नोट मोडण्याची पाळी आणणारा खेळ हवा होता.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून मुलांनी नोटा केल्या. फक्त शंभराच्या आणि दहाच्या, सुट्ट्यांना चिंचोके. ‘पचास की नोट नै?’ असं या मुलाने लगेच विचारलं. नाही. पन्नासाची, वीसाची, पाचशेची, कुठलीच नाही. धंदेवाल्याच्या दृष्टीने ही अगदीच भिकार बाजारपेठ, पण शतक-दशक-एकक एवढीच घरं कागदावर असतात. खेळायला चौघं : दुकानदार, गिऱ्हाईक, मुनीम आणि बँक. गिऱ्हाइकाने नेमके पैसे मोजून द्यायचे, परत घ्यायचे नाहीत. जवळ सुट्टे नसतील तर बँकेतून नोट मोडून आणायची. मुनिमाने तोंडाने बोलायचं नाही, फक्त वहीत लिहायचं : आणले किती, दिले किती, उरले किती. सौदा झाला की गिऱ्हाइकाने हातातले मोजायचे आणि मुनिमाने वही उघडायची. दोन्ही जुळले तर माल उचलायचा. नाही जुळले तर सौदा रद्द, आणि सगळ्या नोटा खडूने आखलेल्या तीन घरांत मांडून मुनिमाने तोच सौदा हाताने करून दाखवायचा. तीन सौद्यांनंतर जागा बदलायच्या.

पहिल्याच दिवशी तो मुनीम झाला आणि तोच हिशेब आला. गिऱ्हाईक होती शेजारची तिसरीतली मुलगी. तिने पाच शंभराच्या नोटा घेतल्या, एक मोडून आणली, दीडशे दिले, हातात राहिले साडेतीनशे. वही उघडली तर ४५०. काय भांडण झालं! तिने चोरी केली असं त्याचं म्हणणं, त्याला लिहिता येत नाही असं तिचं. मी पान लावत बसले होते, तशीच बसून राहिले. शेवटी नियम नियम म्हणून बाकीच्यांनी त्याला खडूच्या घरांपुढे बसवलं. शंभराच्या घरात पाच नोटा. एक उचलून दिली. आता दहाच्या पाच द्यायच्या, पण दहाच्या घरात काहीच नाही. हात तिथं अडला.

‘दस की हैच नै मेरेपास.’

‘मग बँकेतून नोट मोडून आण की!’ ती मुलगी ओरडली.

एक शंभराची देऊन दहाच्या दहा आल्या. पाच दिल्या, पाच राहिल्या. शंभराच्या तीन. तो त्या तीन घरांकडे बघत राहिला, मग वहीकडे. मग त्याने वहीतल्या पाचावर काट मारली, वर चार लिहिला, आणि पुढच्या शून्याच्या डोक्यावर दहा. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे शाळेत शंभर वेळा सांगितलं असणार, पण तेव्हा ते ‘हातचा’ होतं. हातचा म्हणजे नक्की कोणाच्या हातचा, हे मुलांना कळत नाही. नोट मोडणं कळतं. आमच्या ओट्यावर तेव्हापासून हातचा हा शब्दच बंद झाला. वजाबाकी अडली की कोणीतरी ओरडतं, ‘नोट मोडून आण!’

आता एवढ्यावरून खेळ म्हटला की शिकणं आलंच, असं समजू नये. त्याविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दिल्लीत ‘प्रथम’च्या बालवर्गांमध्ये पाच वर्षांच्या आसपासच्या १५४० मुलांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आले, लिहिणाऱ्यांत डुफ्लो आणि स्पेल्की याही होत्या. मुलांना महिनोन्‌महिने गणिताचे खेळ दिले : कुठल्या चित्रात ठिपके जास्त, कुठला आकार वेगळा, असे. मुलांचा अंदाज सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात ती मुलं इतरांच्या पुढे गेली नाहीत. ठिपक्यांचा अंदाज डोक्यात राहिला, आकडा लिहायचा तो कागद लांबच राहिला. माझ्या मते आपल्याकडच्या ‘हसत-खेळत शिक्षणा’चं निम्मं दुखणं हेच आहे. खेळ गमतीचा असतो, मुलं हसतात, फोटो चांगले येतात, आणि अंक मात्र खेळाच्या बाहेर उभा असतो. माझ्या दुकानातल्या मुनिमाला काढून टाकलं तर खेळ जास्त मजेदार होईल. पण मग तो बाजारच राहील.

सापशिडीचंही असंच. ती आपल्याकडची जुनी. मोक्षपट म्हणून परंपरेने तिचं नाव ज्ञानदेवांशी जोडतात, आणि सूफींमध्येही अशाच पटाचा एक प्रकार होता. घरोघरी असते, पण बहुतेक मुलं ती खेळतात कशी? सत्तावीसवर सोंगटी आहे, चार पडले, तर ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत पुढे. सोंगटी एकतीसवर पोचते आणि मुलाला एकतीस दिसतही नाही. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांचा सरळ पट दिला. नियम एवढाच की ज्या घरावर सोंगटी सरकते त्या घराचा आकडा मोठ्याने म्हणायचा. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, आणि मुलांची आकड्यांची जाण बरीच सुधारली. तशाच पटावर आकड्यांऐवजी रंग देऊन खेळलेल्या मुलांना काही फायदा झाला नाही. आमच्या ओट्यावरचा नियम तोच : ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस’ म्हणत जायचं. एक-दोन म्हणणाऱ्याची सोंगटी जागेवर परत.

सापशिडीवरून एक अडचण मात्र आली. आमच्या एका थोरल्या चाचांनी फासे बघितले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘बेटी, ये पासे का खेल बच्च्यों के हात में नक्को दे.’ फासे टाकून खेळणं मना आहे हे आमच्याकडे वाडवडील सांगत आलेत. पैसे लावलेले नाहीत, पोरांचा खेळ आहे, असं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. जो माणूस आपल्या तीन नाती ओट्यावर पाठवतो, त्याच्याशी वाद जिंकून मी काय मिळवणार होते? फासे काढले आणि एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. आणि मग लक्षात आलं की हे फाशापेक्षा चांगलं आहे. फाशावर ठिपके असतात, चिठ्ठीवर काहीही लिहिता येतं. आधी नुसते अंक लिहिले. मग ‘४+२’. मग ‘१०-७’. मोठ्या मुलांसाठी ‘पुढे ९, मागे ५’. हिशेब चुकला तर चाल गेली, आणि चूक पकडणाऱ्याला ती चाल मिळते. त्यामुळे समोरचं मूल आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन गणित करतं. तो चिठ्ठ्यांचा डबा चाचांच्याच घरचा आहे, मुरंब्याचा. त्यांनी स्वतः धुऊन पाठवला.

दुसरीतल्या एका मुलीची गोष्ट वेगळी. ती शाळेत बोलतच नाही असं सगळे सांगायचे. ओट्यावरही पहिले काही दिवस नुसती बघायची. अंकांचा उच्चार ऐकून कार्ड उचलायचा खेळ चालला होता. ‘एकोणचाळीस’ म्हटलं की ती एकोणपन्नासाच्या, म्हणजे ४९ च्या कार्डाकडे हात न्यायची आणि मागे घ्यायची. चाळीस ऐकू येतं, म्हणून चार आणि नऊ. मराठी घरातली मुलंही इथं चुकतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते वाचकांना आठवत असेल. डॉ. मंगला नारळीकर त्या विषयसमितीच्या प्रमुख होत्या. जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही ठेवली आहेत, असं त्या परोपरीने सांगत राहिल्या. ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. विनोद करण्यात आणि मराठी बुडाली म्हणण्यात सगळे रमले होते. कानडीत एकोणचाळीसाला सरळ तीस-नऊ अशाच अर्थाचा शब्द आहे, तिथं कोणाची भाषा बुडालेली नाही. चार-नऊ आणि तीन-नऊ यांच्यात ज्याचा हात अडतो, त्या सात वर्षांच्या मुलाला त्या सगळ्या वादात कोणी विचारलं नाही.

त्या मुलीला तर आणखी एक नाव सांभाळायचं होतं, घरातलं ‘उन्चालीस’. मी खेळ बदलला. एका कार्डाची तीन नावं : तीस नऊ, एकोणचाळीस, उन्चालीस. पुकारणारा कुठलंही नाव पुकारेल. आणि झालं असं की ती मुलगी जिंकायला लागली. बाकीच्यांकडे दोन नावं होती, तिच्याकडे तीन. शेजारची पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून, ‘उनासी म्हणजे कुठला गं? आणि नवासी?’ असं विचारायला लागली. उनासी म्हणजे एकोणऐंशी हे बसलं. पण नवासी म्हणजे एकोणनव्वद, हे त्यांच्या गळी उतरायला दोन संध्याकाळी लागल्या, कारण एका भाषेने नव्वदातून एक कमी केला आहे आणि दुसरीने ऐंशीवर नऊ चढवले आहेत. ते समजावून सांगताना ती मुलगी जेवढं बोलली तेवढं तिला बोलताना तिच्या आईनेही ऐकलं नसेल. शाळेत आपली घरातली बोली लपवायची असते, हे आमची मुलं पहिल्या आठवड्यात शिकतात. खेळात ती बोली हुकमाचं पान झाली.

तिच्याच दादीची तसबीह आमची गणितमाळ झाली असती, पण दादी म्हणाली, ‘इसकू खेल नक्को बनाव.’ बरोबरच आहे. तरी तिने एक केलं. नमाजनंतर तेहतीस, तेहतीस आणि चौतीस मिळून शंभर कसे होतात ते नातीला मण्यांवर दाखवलं. शाळेची पायरी न चढलेली बाई शंभराचे असे भाग रोज पाच वेळा करते. आम्ही वेगळी माळ ओवली, दहा लाल मणी, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर. डोळे मिटून मणी पकडायचा आणि मग न मोजता तो कितवा ते सांगायचं. दहाचे पट्टे धरून.

यात मी नवीन काही केलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती घेतली आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ च्या सरकारी योजनेने तो देशभर नेला. शब्द पोचला, शिंपले किती पोचले ते प्रत्येकाने आपल्या गावच्या अंगणवाडीत जाऊन बघावं. आमच्याच तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथंही आधी हाताला काम आणि मग त्यामागचं गणित. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, खडे, बाटल्यांची झाकणं घेऊन पहिली-दुसरीच्या मुलांना जे शिकवलं ते बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून जात होत्या.

मग जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला आणि गावोगाव शाळांच्या फरश्या रंगल्या. त्या काळात मी नोकरीत होते. पुष्कळ शिक्षकांनी पदरचे पैसे घालून मनापासून काम केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एका शाळेत (नाव सांगत नाही) फरशीवरच्या सापशिडीवर मुलांना पाय ठेवू देत नव्हते, रंग जाईल म्हणून. तपासणीच्या दिवशी तेवढं त्यांना त्यावर उभं करत. गणिताच्या साहित्याची पेटी कपाटात कुलूपबंद, कारण तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला. एक मणी हरवला तर उत्तर कोण देणार? खेळ हरवतो, मोडतो, घरी जातो, खिशातून बाहेर येतो. ज्या वस्तूचा हिशेब वरच्याला द्यायचा असतो तिच्याशी मूल खेळू शकत नाही. लग्नपत्रिकेच्या नोटा मी म्हणूनच धरून आहे. महिन्याला नवीन कराव्या लागतात. लग्नंही काही कमी होत नाहीत.

बागवानाच्या मुलाचे वडील एका संध्याकाळी ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले. न्यायला आले होते, पण खेळ चालला होता म्हणून थांबले. मुलगा दुकानदार होता, मुनीम दुसरं कोणी. जुळलं नाही. मुलाने मुनिमाची वही ओढून घेतली आणि कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवलं. वडील काही बोलले नाहीत. नंतर आठवड्याभराने मला कळलं की गाड्यावरची उधारी, जी इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात असे, ती आता मुलगा वहीत लिहितो. एका हॉटेलवाल्याने दोनशे साठ बाकी असताना एकशे साठ सांगितली तेव्हा वही कामाला आली. पाचवीची परीक्षा तो पास झाला. सहावीत बसला आहे. भागाकार अजून अडतो. त्याला जमेल असा भागाकाराचा खेळ मला अजून नीट सापडलेला नाही. वाटणीचा खेळ करून बघितला, पण तिथं मुलं कागद सोडून मालावर भांडतात.

बँक कोण सांभाळतं हे सांगायचं राहिलं. त्याची मोठी बहीण. आठवीनंतर घरी बसवलेली. आई आजारी, धाकटी भावंडं, नेहमीची कारणं. धाकट्याला सोडायला म्हणून ओट्यावर यायची आणि कठड्याला टेकून उभी राहायची. बँकेला भरवशाचं कोणी नव्हतं, पोरं नोटा खिशात घालायची, म्हणून तिला बसवलं. आता मला ताप आला तर खेळ तीच घेते. ‘एका सौद्यात दोन वस्तू’ हा प्रकार तिने काढला, ‘शेकडा पाच सूट’ हाही तिचाच. एक दिवस तिने विचारलं, ‘खाला, वो सत्रा नंबर का फारम रहता ना, दसवी का? वो भरनेकू शाळा में जानाच पडता क्या?’

मी सगळं समजावून सांगितलं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आधार लागतं, फोटो लागतो. फोटो काढून आणलाय तिने. दाखला आणायला वडील जातो म्हणालेत, बाजाराचा दिवस सोडून.